शेवटचा बार सोडून

पहाटे ४.१०

मुलांना मी हाक मारून उठवत नाही. पायाचा अंगठा धरून हळूच हलवते आणि डोळे उघडले की ओठांवर बोट ठेवते. माझे वडील माझ्या थोरल्या भावाला असेच उठवायचे. ओरडून उठवलेलं पोर पुढचा तासभर ओरडूनच बोलतं, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या अंथरुणात मी जागीच असायची. माझा अंगठा कधी कुणी हलवला नाही.

आज सहा मुलं आहेत. सहाच्या वर मी घेत नाही, आणि आठ ते दहा याच वयाची घेते. सगळी कोल्हापूर शहरातली. मंगळवार पेठेतला एक, राजारामपुरीतल्या दोघी मैत्रिणी, ताराबाई पार्कातली बहीणभावंडं, आणि सगळ्यांत धाकटी रंकाळ्याजवळची. काल शनिवारी निघण्याआधी त्यांना नव्या राजवाड्यातली पेंढा भरलेली जनावरं दाखवली. काचेचे डोळे, धूळ न बसलेल्या मिशा. मग राधानगरीच्या रस्त्यानं ऐंशीएक किलोमीटर येऊन दाजीपूरच्या अलीकडच्या एका वाडीत, मावशींच्या घरी मुक्काम. फेब्रुवारीचा मध्य आहे, पहाटेचा गारवा अजून बोचतो.

पालकांना मी आधीच सांगते, तुमच्या मुलांना मी शिकार शिकवणार आहे. ते दचकतात. मग पुढचं सांगते, शेवटचा बार सोडून सगळी.

४.४०

कोमट दूध आणि दोन-दोन बिस्किटं. जास्त नाही आणि रिकाम्या पोटीही नाही, कारण शांत रानात रिकामं पोटच बोलायला लागतं.

मग कपड्यांची तपासणी. पांढरं चालत नाही. सळसळणारं जर्किन चालत नाही. पैंजण, बांगड्या, किणकिणणारी किल्ली, सगळं काढून डब्यात. राजारामपुरीतल्या एकीचा स्वेटर पांढराशुभ्र होता, त्यावर माझा जुना खाकी शर्ट चढवला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. ‘‘पक्ष्याला रंग दिसतात का?’’ तिनं विचारलं. दिसतात, आपल्यापेक्षा चांगले दिसतात. पक्ष्याला वासाचं फार नसतं, तो डोळ्यांवर आणि कानांवर जगतो. गव्याचं उलटं, त्याचं नाक आधी काम करतं. म्हणून मी मावशींच्या चुलीतली चिमूटभर राख घेते आणि अंगणात उभं राहून मुलांच्या देखत सोडते. राख पूर्वेकडे सरकली. म्हणजे वारा पश्चिमेकडचा, कोकणातून वर येणारा. आज आपण रानाच्या कुठल्या अंगाला बसायचं ते या राखेनं ठरवलं.

मुलांना ही राख फार आवडते. प्रत्येकाला एकेकदा सोडून बघायची असते, आणि मी सोडू देते. त्यात पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं मी वेळापत्रकात धरलेलीच असतात.

५.२०

अभयारण्याचं फाटक उघडायच्या आधी आत जाता येत नाही, आणि मी जातही नाही. हद्दीच्या बाहेर, मावशींच्या मालकीच्या रानात आमची जागा आहे. वर जंगल, खाली भाताची खाचरं, मध्ये नाचणीचं वरकस रान. पीक निघून गेलंय, धसकटं उरलीत. अशा कडेलाच रानकोंबडा येतो. त्याला दाणा उघड्यावर हवा असतो आणि पळायला झाडी दोन उड्यांवर.

पुढं मावशींचे दीर, मागं आमचा ड्रायव्हर, मध्ये एका रांगेत मुलं. हा ड्रायव्हर तिसरीत माझ्या वर्गात होता. अजून मला ‘बाई’ म्हणतो. बॅटरी एकच, तीही जमिनीकडं. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, ऐकायचं. गवा रस्त्यात उभा असेल तर तो आधी कळला पाहिजे. यात गंमत नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगते. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या आसपास भरतो आणि अंधारात तो काळ्या भिंतीसारखा दिसतो.

बोट दाखवायचं नाही, हा आणखी एक नियम. वडील भावाला सांगत, नळी कधी माणसाच्या दिशेनं जाऊ द्यायची नाही, भरलेली असो वा रिकामी. माझ्याकडं नळी नाही, पण हात आहेत. हलणारा हात पक्ष्याला सगळ्यांत आधी दिसतो. म्हणून आम्ही घड्याळ वापरतो. समोर बारा, उजवीकडं तीन, डावीकडं नऊ. काही दिसलं की शेजारच्याच्या कानात फक्त आकडा सांगायचा.

५.५०

पाठ झाडाला टेकवून बसायचं. झाड आपल्या खांद्यांपेक्षा रुंद हवं. त्यानं आपली आकृती झाडात विरघळते आणि मागून येणाऱ्याची काळजी राहत नाही. एका जांभळीला दोघं, ऐनाला दोघं, धाकटी माझ्याजवळ, मंगळवार पेठेतला ड्रायव्हरजवळ. पायाखालचा वाळका पाला आधीच हातानं बाजूला सारायचा, नंतर पाय हलला तर आवाज नको. खाजवायचं असेल तर आत्ता खाजवून घ्या. शिंक आली तर नाक चिमटीत धरा.

आणि मग काही नाही. सव्वा तास काही करायचं नाही.

पालक मला विचारतात, पोरं एवढा वेळ बसतात कशी? पहिली दहा मिनिटं बसत नाहीत. चुळबुळ, एकमेकांकडं बघून हसू, कानात कुजबूज. पंधराव्या मिनिटाला कंटाळा येतो, खरा, जड कंटाळा. या घटकेला मी काहीही करत नाही. खुणेनं धीर देत नाही, गोष्ट सांगत नाही. विसाव्या मिनिटाच्या पुढं कधीतरी मुलाचे खांदे खाली येतात आणि मान एका बाजूला झुकते. तेव्हापासून ते ऐकायला लागलेलं असतं. हे मी वर्गात सत्तावीस वर्षं शोधत होते, इथं झाडाखाली दर खेपेला सापडतं.

दूर रातव्याचा आवाज होता, तो बंद झाला. ओढ्याकडून शीळकरी कस्तुराची शीळ आली, एखाद्या पोरानं घराकडं येताना उगाच वाजवावी तशी. खालच्या वाडीत गावठी कोंबडा आरवला. ‘‘हाच का?’’ धाकटीनं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली, नाही.

६.२५

तो ओरडला.

पाळीव कोंबड्याची लांबवलेली बांग नाही ती. तुटक, करकरीत, चार ठोक्यांची, आणि शेवटचा ठोका गिळल्यासारखा. कुक्-काया-क्या-कुक्. वरच्या अंगाला, रात्री बसलेल्या झाडावरूनच. मग पलीकडच्या घळीतून दुसऱ्यानं उत्तर दिलं. आणि बऱ्याच वेळानं तिसरा, इतका लांब की तो ऐकला की वाटला हे मला सांगता आलं नसतं. धाकटीनं तीन बोटं वर केली. तिनं ऐकला होता. या वयाचे कान माझ्याकडं आता नाहीत.

आम्ही आवाज काढून त्याला बोलवत नाही. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणारे लोक आहेत. विणीचे दिवस सुरू होत असतात, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं वाटून तो तावातावानं येतो, त्याची सकाळ वाया जाते आणि आपला फोटो होतो. मला ते पटत नाही. तो आपल्या कामानं येईल तर दिसेल.

इथं मला भावाची आठवण येते. तो आता लेकीकडं अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी त्याच्या नऊ वर्षांच्या नातवाला शेजाऱ्यानं टर्कीच्या शिकारीला नेलं. तिथल्या पुष्कळ राज्यांत वसंतात मोठ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी लहान मुलांसाठी वेगळे दिवस राखलेले असतात, बरोबर मोठं माणूस हवंच. पहाटे अंधारात जायचं, रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं, मादीसारखा आवाज काढायचा, आणि झाडावरून उतरलेला नर गुरगुरत, पिसारा फुलवत जवळ यायची वाट बघायची. भावानं हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा मी मध्येच म्हटलं, पुढचं मी सांगते. आणि सांगितलं. बुंधा, पाला, शिंक, वारा. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘तुला कुणी शिकवलं गं?’’ ‘‘तूच,’’ मी म्हटलं. लहानपणी रानातून आला की तो मला सगळं सांगायचा आणि मी पक्षी साफ करत ऐकायची.

७.०५

उजेड आला. धसकटांच्या कडेला आधी एक मादी बाहेर आली, मातकट पाठीची, पांढऱ्या छातीवर काळ्या कडांची खवल्यासारखी नक्षी. थांबली. मान वर. तिच्या मागून दुसरी. मग तो आला.

राखी रानकोंबडा कोवळ्या उन्हात येईपर्यंत राखीच वाटतो. मानेवर ऊन पडलं की त्या प्रत्येक पिसाच्या टोकाला मेणाचा थेंब लावल्यासारखा पिवळसर-पांढरा ठिपका चमकतो. या ठिपक्यांनीच त्याचा घात केला. युरोपात गळानं मासे धरण्यासाठी पिसांच्या खोट्या माश्या बांधतात, त्यात ही मानेची पिसं फार मोलाची मानली गेली, आणि आपल्या रानातले हजारो कोंबडे त्यासाठी मारले गेले.

पंचवीसएक पावलांवर तो उकरत होता. दोन उकर, एक पाऊल मागं, चोच खाली. सहा मिनिटं. मी मुलांकडं बघत होते. ताराबाई पार्कातला भाऊ तोंड उघडं ठेवून बसला होता. मंगळवार पेठेतल्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. खिशात काय आहे ते मला माहीत होतं.

मग कुठंतरी काटकी मोडली. शेपूट खाली सोडून, मान पुढं काढून तिघंही पळाले, उडालेसुद्धा नाहीत.

धाकटीला दिसलाच नाही. तिच्यासमोर बांधावर करवंदीची जाळी होती. मला आधी बघायला हवं होतं, जागा मी नेमून दिली होती. ती रडली नाही, पण खालचा ओठ आत ओढून बसली. मी तिला खोटं काही सांगितलं नाही. ‘‘तू आज तीन ऐकलेस, मी दोनच,’’ एवढंच म्हटलं, कारण ते खरं होतं.

७.३०

आता बोलायला परवानगी. सगळे एकदम बोलतात.

तो उकरत होता त्या जागी जाऊन बसलो. मातीत झाडूनं काढल्यासारखे अर्धगोल. गव्याच्या जुन्या शेणाचा पो उलटवलेला, आत किड्यांची वाट. थोडं पुढं बांधाच्या उबेला धुळीत लोळल्याचा खळगा, त्यात एक मऊ राखी पीस. मुलं वाकून बघतात. पीस उचलायचं नाही. कुणाचं, कुठल्या अंगाचं ते ओळखायचं आणि जिथलं तिथं ठेवायचं. कायदाही हेच सांगतो.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीत गव्याचे खूर उमटले होते, आणि त्यांवर भेकराचे छोटे, बदामासारखे. ‘‘आधी कोण आलं?’’ मी विचारते. राजारामपुरीतली, खाकी शर्टवाली, म्हणाली, ‘‘गवा. कारण भेकराचा पाय गव्याच्या पायात पडलाय.’’ बरोबर. बंदूक असलेल्या माणसाला हे यावंच लागायचं. नसलेल्याला का येऊ नये?

९.००

तांदळाची भाकरी, खर्डा, दही. मुलांनी एकेक भाकरी जास्त खाल्ली. याहून लिहिण्यासारखं काही नाही.

१०.००

मंगळवार पेठेतल्याला बोलावलं. ‘‘काढ.’’ त्यानं खिशातून गलोल काढली. सायकलच्या ट्यूबची रबरं, पेरूच्या फांदीची बेचकी, हाताळून गुळगुळीत झालेली. काल रात्री त्याचं पांघरूण सारखं करताना मला ती लागली होती. मी काढून घेतली नव्हती.

‘‘आजी, मी मारणार नव्हतो.’’

‘‘माहीत आहे. मी बघत होते.’’

नेम धरण्यात वाईट काही नाही. दगडानं, गोटीनं, बाणानं लांबच्या वस्तूला शिवता येणं ही माणसाची फार जुनी हौस आहे, आणि कोल्हापूरला ती जरा जास्तच आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली ती आपल्या गावची. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. आणि स्वप्नील कुसाळे, ज्यानं २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, तो तर याच राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा. हे नाव घेतलं की मुलं ताठ बसतात.

म्हणून अंगणाच्या टोकाला, मागं मातीचा बांध असेल असा, डबा ठेवला. पंचवीस पावलं मोजली, सकाळी कोंबडा होता तितकीच. गलोल त्याची, गोळे मातीचे, प्रत्येकाला दहा. मारणाऱ्याच्या पुढं कुणी नाही. त्यानं दहात दोन मारले, बाकीच्यांनी एक किंवा शून्य.

‘‘तो डबा जिवंत असता तर?’’ मी विचारलं. ‘‘तुझ्या आठ गोळ्यांतले दोन-तीन त्याच्या पायाला, पंखाला लागले असते.’’

मग वडिलांचा नियम सांगितला. एका बारात पडेल याची खात्री नसेल तर घोड्याला बोट लावायचं नाही. आणि जखमी झालं तर अंधार पडेपर्यंत, दुसऱ्या दिवशीसुद्धा, त्याच्या मागं जायचं. एकदा ते जखमी डुकराच्या मागं गेले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. आईनं दोन रात्री दार लावलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईतल्या दहाएक वर्षांच्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, असा त्यानं कधी पाहिला नव्हता. ही कुठली चिमणी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तो मुलगा सलीम अली. मुलांना मी हे सांगते तेव्हा चिमणी पाडली तिथं थांबत नाही आणि ते झाकतही नाही. तो विचारायला गेला, हे मला सांगायचं असतं.

११.१५

परसात मावशी कोंबडी साफ करायला बसल्या. पालकांच्या लेखी परवानगीत हे असतं. ज्यांच्या घरी चालत नाही ती मुलं ड्रायव्हरबरोबर ओढ्यावर जातात. आज ताराबाई पार्कातली भावंडं गेली.

उरलेली चौघं भोवती बसली. मारताना मी बघू देत नाही, साफ करताना देते. गळ्याखालची दाण्याची पिशवी मावशींनी चिरून दाखवली, आत तांदळाच्या कण्या आणि एक अर्धा किडा. मग पोटातली जाड कातडीची पेटी, आत बारीक खडे. कोंबडीला दात नसतात, हे खडे दळतात.

मी पक्षी शिकले तो असाच. भाऊ नऊ वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला पहिल्यांदा रानात नेलं. मी सहा वर्षांची होते, आणि पुढं नऊची झाले तेव्हाही मला नेलं नाही, मुलींना नेत नसत. पण आणलेला पक्षी माझ्यापुढं पडायचा. प्रत्येक पिशवी मी उघडून बघायची. कधी कारवीचं बी, कधी जंगली अंजीर, कधी नुसती वाळवी. कुठल्या महिन्यात रानकोंबडा काय खातो हे मला भावाच्या आधी कळलं. एकदा वडील म्हणाले, ‘‘आज कुठं जाऊ गं?’’ मी म्हटलं, ‘‘करवंदीच्या बाजूला, परवाच्यात बिया होत्या.’’ ते गेले आणि दोन घेऊन आले. माझ्या लहानपणातली ही सर्वांत मोठी शाबासकी. ती दोन पाखरांच्या जिवावर मिळाली, हेही मी विसरत नाही.

कोंबडीच्या पायाकडं बघा, मी मुलांना सांगते. पिवळे आहेत ना? आपली पाळीव कोंबडी मुळात लाल रानकोंबड्याची, जो उत्तरेकडं आणि पूर्वेकडं राहतो. पण कातडीचा हा पिवळा रंग तिला आपल्या राखी रानकोंबड्याकडून मिळाला, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं. सकाळी धसकटात दिसला त्याचं देणं मावशींच्या पाटीत होतं. खाकी शर्टवालीनं कोंबडीच्या पायाला बोट लावून बघितलं.

१.००

जेवताना प्रश्न आलाच. तो दर वेळी येतो, फक्त विचारणारा बदलतो. आज मंगळवार पेठेतला.

‘‘आजी, ही कोंबडी खाल्ली तर चालते, मग ती का नाही?’’

हा प्रश्न मला मुलांच्या सगळ्या प्रश्नांत प्रामाणिक वाटतो, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणं मला जमत नाही. ही मावशींनी अंड्यापासून वाढवली, म्हटलं. ती संपली तर मावशी दुसरी उबवतात. ती तिकडची कुणी वाढवत नाही. आपण ज्या रानाच्या कडेला बसलो ते राधानगरीचं अभयारण्य सारं मिळून ३५१ चौरस किलोमीटर. त्याच्या खाली गावं, धरणं, ऊस. तिथून एक नर गेला तर त्याची जागा कोण घेणार हे आपण मोजलेलंसुद्धा नसतं.

अमेरिकेत टर्कीचं मग चालतं कसं, असं भाऊ मला विचारतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथंही टर्की बऱ्याच राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३७ मध्ये कायदा करून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी बांधला गेला. जंगली पक्षी जाळ्यांनी धरून रिकाम्या रानांत नेऊन सोडले, किती मारायचे ते मोजून ठरवलं. आता तो पक्षी तिथं लाखोंनी आहे. त्यांनी केलं ते चांगलंच केलं. आपल्याकडं रान चिंचोळं, माणसं दाट आणि मोजदाद अपुरी, म्हणून आपली बंदी बरोबर. दोन्ही मी मुलांसमोर सांगते. त्यांना पेलतं.

तो थोडा वेळ हाड चोखत विचार करत राहिला. मग म्हणाला, ‘‘मग वाढवून वाढवून लई झाली तर?’’ ‘‘तेव्हा तू मोठा असशील. तू ठरव.’’

२.००

सावलीत आडवं पडून गोष्ट. मावशींचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, भिंतीला टेकून बसतात. त्यांचे वडील संस्थानच्या काळात हाक्याला जात. हे दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव जंगल होतं. डबे, ढोल, आरोळ्या, शेदीडशे माणसं रांगेनं रान झोडत पुढं, आणि टोकाला मचाणावर बंदुका. आबा हातानं दाखवतात, रांग कशी वळायची. माणूस सुटला की जनावर तिथूनच फुटायचं, म्हणून शेजारचा दिसत राहिला पाहिजे.

चित्त्यांचं मी सांगते. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळलेले असत. गाडीवरून माळावर न्यायचे, डोळ्यांवरची टोपी काढायची आणि काळविटावर सोडायचे. आपल्याकडचे मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. ‘‘सगळे संपले?’’ धाकटीनं विचारलं. सगळे. काल राजवाड्यात काचेआड बघितलेली जनावरं आठवून मुलं गप्प झाली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५८ मध्ये हेच शिकारीचं रान गव्यांचं अभयारण्य झालं. माझ्या वडिलांच्या शिकारी परवान्यावर ज्याचं नाव होतं, त्याच १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली. मग वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आला. त्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मी मुलांना दर वेळी सांगते, कारण ती मला आवडते. मारणं म्हणजे शिकार, तसंच फासे लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं, घरट्यातली अंडी हलवणं हीसुद्धा शिकार. ज्यानं कुणी ती लिहिली त्याला रान माहीत होतं. वडिलांनी दुनळी पुसली, तेल लावलं, कापडात गुंडाळली. त्यानंतर ते पहाटे उठून परसातच बसायचे, पाठ आंब्याला लावून. तेव्हा मला हाक मारायचे. मी शेजारी जाऊन बसायची.

३.१५

जीपनं अभयारण्यात. सावराई सड्याच्या बाजूला लांबून गव्यांचा कळप दिसला, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एक शेकरू. मुलं खूश. पण जीपमधून बघणं मला फार वेळ नको वाटतं, तिथं सगळं दुसऱ्यानं शोधून दिलेलं असतं.

५.००

परतीचा प्रवास. राधानगरी मागं पडेपर्यंत चौघं झोपली. खाली उतरलो तशी काचेतून गुऱ्हाळाचा वास आला. धाकटी जागी होती, वहीत लिहीत होती. प्रत्येकाला मी वही देते, त्यात दोनच रकाने, ऐकले आणि दिसले. तिच्या दिसलेच्या रकान्यात रानकोंबड्यापुढं तिनं शून्य काढलं होतं, नीट, गोल.

७.३०

रंकाळ्यावर पालक थांबले होते. गलोल त्याच्या आईच्या हातात न देता मी त्याच्याच हातात दिली. आईला त्याच्यासमोर सांगितलं की ती सकाळपासून खिशात होती आणि खिशातच राहिली. खाकी शर्ट तिच्याकडंच राहिला, आता लक्षात येतंय.

९.१५

भावाचा फोन. तिकडं रविवारची सकाळ. किती दिसले, विचारलं. एक नर, दोन माद्या, सांगितलं. कुठं? धसकटात, ओढ्याच्या वरच्या अंगाला. ‘‘आपल्या जागेवर?’’ नाही, ती जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. हे त्याला माहीत आहे, तरी तो दर वेळी विचारतो.

९.४०

धाकटीच्या आईचा फोन. पोरगी उद्या चारला उठवा म्हणून हटून बसलीय, गच्चीत बसायचं म्हणते, शाळा आहे, काय करू? आणि विचारते, कोल्हापुरात सगळ्यांत आधी कोण ओरडतं?

दयाळ, म्हटलं. अंधार असतानाच सुरू करतो, तारेवर किंवा टाकीवर बसून. तिला पाठ टाकीच्या भिंतीला लावून बसू दे, तुम्ही दारातच थांबा, बोलू नका. पांढरं काही घालू नका. आणि चारला नको, साडेपाचला उठवा. अंगठा धरून.